निसर्ग ते तौक्ते: खाडीतल्या एका मरीनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबई बंदराच्या तोंडापलीकडे, अलिबाग तालुक्याच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका खाडीत हौशी बोटींची एक छोटी खासगी मरीना, म्हणजे बोटी लावून ठेवायची जागा, आहे. जागेचं, मालकांचं आणि माणसांचं नाव इथं दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. निसर्ग वादळानंतरच्या पाहणीत आणि पुढच्या हंगामातल्या बैठकांत मी होतो. तिथल्या नोंदवह्या, फोनवरचे निरोप आणि माणसांशी झालेलं बोलणं यांवरून हे लिहिलं आहे.

मरीनाची रचना साधी आहे. किनाऱ्यावरून एक उतरता पूल खाली तरंगत्या जेट्टीवर येतो. जेट्टीचे तुकडे एकमेकांना बिजागरीने जोडलेले आहेत आणि दोन्ही अंगांना बोटी लावायला आखूड फाटे काढलेले आहेत. ही सगळी मांडणी जागेवर धरून ठेवतात ते तळात खोल ठोकलेले लोखंडी खांब. जेट्टीला बसवलेल्या रोलरच्या कड्या खांबांभोवती असतात. भरती आली की कड्या खांबावरून वर सरकतात, ओहोटी लागली की खाली येतात. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं. अशा ठिकाणी दगडी धक्क्याला बांधलेली बोट एकतर दोरावर लटकते किंवा धक्क्याच्या कडेखाली अडकून फुटते. म्हणून तरंगती जेट्टी.

हंगाम ऑक्टोबर ते मे. अडतीस बोटींची सोय, त्यात निम्म्याहून जास्त फायबरच्या स्पीडबोटी, बाकी शिडाच्या यॉट आणि दोन-तीन मोठ्या केबिनवाल्या मोटरबोटी. मालक बहुतेक मुंबईचे. रोजचं काम म्हणजे दोर तपासणं, बोटीच्या तळात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा बिल्ज पंप चालतो का पाहणं, तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडणं, गंज रोखण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे झिजले की बदलणं, डिझेल-पेट्रोलचा हिशेब, आणि खाडीतला गाळ कुठं साठतोय यावर लक्ष ठेवणं. वरवर पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, पण मरीना चालते ती याच कामांवर. व्यवस्थापक पूर्वी व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. बोटी हलवण्याचं सगळं काम शेजारच्या कोळीवाड्यातले एक ज्येष्ठ तांडेल आणि त्यांचे खलाशी पाहतात. व्यवस्थापक त्यांना ‘तांडेल’च म्हणतात आणि ते व्यवस्थापकांना ‘साहेब’.

पावसाळ्यात या किनाऱ्यावर हौशी बोट पाण्यात ठेवत नाहीत. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भाड्याची हायड्रा क्रेन येते, पट्टे लावून एकेक बोट उचलते आणि मागच्या मोकळ्या जागेत लाकडी ठोकळ्यांवर ठेवते. ऑक्टोबरमध्ये उलटा क्रम.

अडचण

२०२० साली हा क्रम मोडला. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. मालक मुंबईत अडकले, काही खलाशी गावी गेले, आणि क्रेनवाल्याचा चालक उत्तर प्रदेशात घरी पोचला होता. एरवी पंचवीस मेपर्यंत रिकामी होणारी जेट्टी ३१ मेला भरलेलीच होती. तेवीस बोटी पाण्यात होत्या.

त्याच दिवशी, रविवारी, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. १ जूनला त्याची तीव्रता वाढली, २ जूनला दुपारी ते चक्रीवादळ झालं आणि त्याला ‘निसर्ग’ हे नाव मिळालं. ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर येणार होतं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आणि मुंबई, ठाणे, रायगडच्या सखल भागांत नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त पाणी चढेल असा इशारा होता.

या शेवटच्या वाक्याकडे गावात फार कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळे वाऱ्याबद्दल बोलत होते. व्यवस्थापकांनी मात्र कागद घेऊन हिशेब मांडला. खांबांची टोकं वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या पाण्यापेक्षा साधारण सव्वा मीटर उंच होती. जेट्टीच्या कड्या पाण्याच्या वर अर्धा मीटर असतात, म्हणजे खरी शिल्लक पाऊण मीटरच. ५ जूनला वटपौर्णिमा होती. म्हणजे ३ तारखेची भरतीही उधाणाचीच, जरी वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीपेक्षा काही अंशी कमी. एक मीटर जादा पाणी आलं तर कड्या खांबावर टिकतील. दोन मीटर आलं तर कड्या खांबाच्या टोकावरून निसटतील आणि अख्खी जेट्टी, तिला बांधलेल्या सगळ्या बोटींसकट, खाडीत मोकळी सुटेल. एखादी बोट बुडणं आणि तेवीस बोटींचा तराफा कोळीवाड्यातल्या होड्यांवर जाऊन आदळणं यांतला फरक त्या कागदावर लिहिलेला होता.

कोणते पर्याय होते

पहिला विचार अर्थातच सगळ्या बोटी बाहेर काढण्याचा. पनवेलकडची दुसरी एक हायड्रा पास काढून १ तारखेला संध्याकाळी येऊ शकत होती. पण उतारावर पुरेसं पाणी भरतीच्या आगेमागे दोन-अडीच तासच असतं, आणि रात्री पावसात पट्टे लावणं धोक्याचं. एका बोटीला पाऊण तास धरला तर २ तारखेच्या एका दिवसाच्या भरतीत पाच, फार तर सहा बोटी निघणार. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न तसाच.

दुसरा पर्याय तांडेलांनी सुचवला. खाडीत आत, दोन वळणं ओलांडून कांदळवनाच्या आडोशाला कोळी लोक वादळात आपल्या होड्या नेतात. तिथं लाट पोचत नाही आणि तळाला मऊ चिखल आहे, त्यामुळे नांगर घट्ट बसतो. बोट कलंडली तरी चिखलावर कलंडते, फुटत नाही. अडचणी दोन. यॉटची कील, म्हणजे तळाखाली उतरलेला कणा, खोल असते, त्यामुळे त्या फक्त भरतीलाच आत जाऊ शकतात. आणि वळणातली जागा मर्यादित, ती आधी कोळीवाड्याची. कांदळवनाला दोर बांधायचा नाही हे तर ठरलेलंच होतं. ते संरक्षित आहे आणि वाऱ्यात झाड उपटलं तर बोटही जाते.

तिसरा पर्याय जेट्टीवरच दुप्पट दोर लावून थांबण्याचा. बहुतेक मालकांना हाच पटत होता, कारण त्यात बोटीला कुणी हात लावत नाही. व्यवस्थापकांचा हिशेब पाहिल्यावर तो एकटा निवडण्यासारखा नव्हता. लहान उघड्या बोटींसाठी चौथीही वाट होती: हातांनी ओढून भरतीरेषेच्या वर नेणं आणि आत पाणी भरून ठेवणं, म्हणजे वारा त्यांना उलटवत नाही. किनाऱ्यावरच्या गावांत ही रीत जुनी आहे आणि ती आजही चालते.

शेवटी तिन्ही-चारही वाटा थोड्या थोड्या वापरायचं ठरलं. खरे निर्णय त्यानंतरचे होते.

पहिला कठीण निर्णय: क्रेनचा क्रम

पाच-सहा बोटी बाहेर निघणार, तर कोणत्या? १ जूनच्या संध्याकाळपासून व्यवस्थापकांचा फोन थांबला नाही. सर्वांत महागड्या मोटरबोटीच्या मालकांचं म्हणणं होतं की ते सर्वांत जास्त भाडं भरतात, तेव्हा त्यांची बोट आधी. दुसऱ्या एका कुटुंबाची यॉट लाकडी, जुनी आणि भावनेने जपलेली. तिसऱ्यांचा विमा १ जूनला पाण्यात असलेल्या बोटीला लागू नव्हता. बऱ्याच विमा पॉलिसींत पावसाळ्याच्या महिन्यांत बोट जमिनीवर असावी अशी अट असते, आणि ती अट मोडल्याचं अनेकांना त्या संध्याकाळीच कळलं.

व्यवस्थापकांनी भाडं, किंमत आणि विमा हे तिन्ही निकष बाजूला ठेवले. त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता: ही बोट सुटली तर इतरांचं किती नुकसान करेल? जड, उंच केबिनच्या, जेट्टीच्या टोकाच्या फाट्यांवर बांधलेल्या बोटी वारा जास्त धरतात आणि खांबांवर सर्वांत जास्त ताण देतात. त्या आधी. त्या हिशेबात महागडी मोटरबोट पहिलीच आली, पण दुसऱ्या क्रमांकावर आली ती एका शाळामास्तरांची दुरुस्तीला टेकलेली जुनी, जड बोट. त्यावरून बरेच नाराज झाले.

माझ्या मते हा त्या तीन दिवसांतला सर्वांत चांगला निर्णय. मरीनात प्रत्येक बोट शेजारच्या बोटीसाठी धोकाही असते. व्यवस्थापकाची बांधिलकी एकेका मालकापेक्षा आधी सगळ्या जेट्टीशी असायला हवी, आणि ती त्यांनी पाळली. कमतरता एवढीच की हा निकष त्यांनी ऐन वादळाच्या तोंडावर बनवला. आधी लिहून सगळ्यांना दिलेला असता तर तो वैयक्तिक वाटला नसता.

दुसरा निर्णय: मालक नसताना बोट हलवायची का

करारात भाड्याबद्दल चार पानं होती. मालक गैरहजर असताना बोट हलवण्याचा अधिकार कुणाला, याबद्दल एक ओळही नव्हती. व्यवस्थापकांनी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर एकच निरोप पाठवला: बोट कुठं नेणार, कशी, आणि संमती हवी. रात्री अकरापर्यंत बहुतेकांचे होकार आले. दोघांनी नकार दिला. एकाचा फोन लागेना.

नकार देणाऱ्यांच्या दोन बोटी जेट्टीवरच ठेवल्या. फोन न लागलेल्या मालकांची यॉट मात्र टोकाच्या फाट्यावर होती. ती सुटली असती तर पहिला धक्का तिचाच. २ तारखेच्या सकाळच्या भरतीला तांडेल तीही आत घेऊन गेले. दुसऱ्या वळणावर तिचं सुकाणू तळातल्या खडकाला घासलं आणि वाकलं. पुढे याच्यावरून बराच काळ पत्रव्यवहार चालला. शेवटी दुरुस्तीचा निम्मा खर्च मरीनाने दिला आणि प्रकरण मिटलं.

मालक रागावले, आणि त्यांच्या जागी कुणीही रागावलं असतं. तरी तो निर्णय घ्यायलाच हवा होता असं मला वाटतं. त्याचा आधार मात्र करारात असायला हवा होता. एका माणसाच्या हिमतीवर तो उभा राहायला नको होता.

३ जूनचा दिवस

२ तारखेच्या संध्याकाळपर्यंत सहा बोटी बाहेर, सात खाडीच्या आत, चार लहान बोटी वाळूवर पाणी भरून, आणि सहा जेट्टीवर. या सहांची शिडं, छत, गाद्या, सगळं उतरवलेलं. किनाऱ्यावरून येणारा वीजपुरवठा मुद्दाम बंद केला, कारण पाण्यात तुटून पडलेली वायर माणसाचा जीव घेते. इंधनाचा पंप कुलूपबंद. दोर दुप्पट केले, आणि ज्या ठिकाणी दोर घासतो तिथं आग विझवायच्या जुन्या पाइपचे तुकडे गुंडाळले.

एक गोष्ट चुकली. सगळे जादा दोर नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या हिशेबाने लावले होते. पावसाळी वारा तिकडूनच येतो, आणि हातांना तीच सवय. पण वादळाचं केंद्र अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर येणार, म्हणजे मरीना केंद्राच्या उत्तरेला. आपल्याकडच्या चक्रीवादळात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, त्यामुळे उत्तरेला असलेल्या जागी तो आधी ईशान्य-पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून येतो, आणि केंद्र आत सरकत गेलं की वळत वळत उत्तर, मग वायव्य, मग पश्चिमेकडून लागतो. व्यवस्थापक जहाजांवर हे शिकले होते, पण तीन दिवसांच्या धावपळीत दोर लावणाऱ्या पोरांपर्यंत ते पोचलं नाही. ३ तारखेला सकाळी पूर्वेचा वारा वाढू लागला तेव्हा तांडेलांच्या ध्यानात आलं. पावसात तासभर काम करून त्यांनी आणि तिघांनी उलट्या बाजूचे दोर लावले. वारा वाढल्यावर व्यवस्थापकांनी सगळ्यांना जेट्टीवरून परत बोलावलं, दोन बोटींचे दोर राहिले असतानाही. “साहेब, अजून दोनच राहिल्यात,” असं तांडेल म्हणत होते. साहेबांनी ऐकलं नाही. हे मी आवर्जून लिहितो आहे, कारण वादळांत माणसं बहुतेकदा अशाच ‘अजून दोन’च्या पायी जातात.

सकाळची भरती साडेनऊ-दहाच्या सुमारास झाली. कोकणात तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते, हा हिशेब पोरंही करतात: त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. भरतीच्या वेळी पाणी बरंच फुगलं होतं आणि वारा अजून पूर्ण जोरात नव्हता. कड्या खांबांच्या टोकापासून हातभर खाली येऊन थांबल्या. चिखलाची ती रेघ नंतर कित्येक दिवस खांबांवर स्पष्ट दिसत होती.

वादळ जमिनीवर आलं ते दुपारी, साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. तेव्हा ओहोटी लागून तीन-चार तास झाले होते. खांबांची वर उरलेली उंची भरपूर होती. वारा जमिनीकडून होता, तो पाण्याला खाडीबाहेर ढकलत होता.

काय हाती लागलं

जेट्टीवरच्या सहा बोटींपैकी दोर न बदललेल्या दोघींचे फाटे वाकले आणि एकीची बाजू फाटली. तिसरी एक बोट बांधलेल्या जागीच बुडाली. वारा तिचं काहीच करू शकला नव्हता. पावसाचं पाणी साठलं, बॅटरी जुनी होती आणि बिल्ज पंप मध्येच बंद पडला. खाडीत आत नेलेल्या सातही बोटी वाचल्या. एक चिखलावर कलंडली होती, ती रात्रीच्या भरतीला आपोआप तरंगली. कार्यालयाच्या शेडचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. वीज बरेच दिवस नव्हती. कुणालाही इजा झाली नाही.

त्याच दिवशी दक्षिणेकडे मुरूड, श्रीवर्धन, दापोलीकडच्या गावांत नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. त्या मानाने ही मरीना सुखरूप होती. मालकांच्या गटात अभिनंदनाचे निरोप आले.

खरी चर्चा त्यानंतर सुरू झाली.

तिसरा निर्णय: वाचलो, मग खर्च कशाला?

सप्टेंबरमधल्या बैठकीत व्यवस्थापकांनी खांबांची उंची वाढवायचा प्रस्ताव ठेवला. प्रत्येक खांबावर लोखंडी नळी बसवून, वेल्डिंग करून उंची दीड मीटर वाढवायची. खर्च मोठा होता आणि त्या वर्षी सगळ्यांचेच हात आखडलेले. बहुसंख्य मालकांचं म्हणणं सरळ होतं: एवढं मोठं वादळ आलं, थेट आपल्या तालुक्यात आलं, आणि खांब पुरले. याहून मोठी परीक्षा कोणती?

व्यवस्थापकांनी उत्तरादाखल दोनच गोष्टी दाखवल्या: खांबावरच्या चिखलाच्या रेघेचा फोटो आणि त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक. भरतीची वेळ आणि वादळाची धडक यांत तीन-चार तासांचं अंतर पडलं. हे अंतर कुणी ठरवलं नव्हतं. वादळ थोडं लवकर आलं असतं, तर उधाणाची भरती आणि वादळाचा जोर एकाच वेळी आले असते. केंद्र थोडं उत्तरेला सरकलं असतं, तर मरीना त्याच्या दक्षिणेला पडली असती आणि वाऱ्याने समुद्राचं पाणी खाडीत लोटलं असतं. दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या असत्या तर हातभर शिल्लक कुठंच पुरली नसती. खांबांची परीक्षा झालीच नाही, परीक्षेची वेळ चुकली, असं त्यांचं म्हणणं.

हा या प्रकरणाचा गाभा आहे असं मी मानतो. चांगला शेवट झाला म्हणून तयारी चांगली होती असं आपण फार चटकन धरून चालतो. निसर्गाच्या वेळी क्रेनचा क्रम, खाडीत बोटी नेणं, माणसांना परत बोलावणं हे निर्णय स्वतःच्या बळावर चांगले होते. वादळ कसंही आलं असतं तरी ते चांगलेच ठरले असते. खांबांची उंची मात्र निव्वळ तिथी-वेळेमुळे पुरली. या दोन याद्या वेगळ्या ठेवणं अवघड असतं, विशेषतः सगळे आनंदात असताना.

पर्यायही बघितले गेले. तोंडाशी दगडी बांध घालावा अशी एक सूचना होती. ती लगेच सोडली, कारण खाडीत पाणी संथ केलं की त्यातला बारीक चिखल तिथंच बसतो, आणि मग दरवर्षी गाळ काढण्याचा खर्च गळ्यात पडतो. जेट्टी सोडून सगळ्या बोटी मोकळ्या नांगरावर ठेवाव्यात असंही एकाने सुचवलं. ते मालकांच्या सोयीच्या अगदी विरुद्ध. शेवटी खांब वाढवायचे ठरले, पण दोन टप्प्यांत: टोकाच्या आणि मधल्या मुख्य खांबांचं काम आधी, बाकीचे पुढच्या वर्षी. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नकाशासह अर्ज गेला. काम मार्च २०२१ पर्यंत झालं.

त्याच बैठकीत करार बदलला. वादळाचा इशारा आल्यावर मालकाच्या परवानगीशिवाय बोट हलवण्याचा अधिकार व्यवस्थापकांना लेखी मिळाला. त्याबदल्यात हलवताना झालेल्या नुकसानीसाठी मरीनाने वेगळा विमा घेतला. क्रेनच्या क्रमाचा निकष करारासोबत जोडला गेला. बोटी बाहेर काढण्याची शेवटची तारीख २५ मेवरून १५ मेवर आणली. क्रेनवाल्याला मे महिन्यासाठी आगाऊ रक्कम देऊन बांधून घेतलं. आणि कोळीवाड्याच्या सोसायटीशी ठरलं की खाडीतल्या वळणावर आधी गावच्या होड्या, मग मरीनाच्या बोटी. ज्या वर्षी वळण वापरलं जाईल त्या वर्षी सोसायटीच्या धक्क्याच्या दुरुस्तीत मरीना वाटा उचलेल. हा शेवटचा मुद्दा व्यवस्थापकांनी स्वतःहून मांडला होता. आदल्या वर्षी गावाने जागा दिली ती माणुसकीने, आणि माणुसकीला दरवर्षी गृहीत धरू नये असं त्यांना वाटलं.

तौक्ते, १७ मे २०२१

तारीख बदलली त्याचा उपयोग इतक्या लवकर होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मेच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघालं. १५ मेपर्यंत बहुतेक बोटी जमिनीवर होत्या. कडक निर्बंध होते, पण क्रेन आणि चालक दोन्ही बांधलेले असल्यामुळे आले. उरलेल्यांपैकी पाच खाडीत आत गेल्या. या वेळी कुणालाही संमतीसाठी फोन करावा लागला नाही, फक्त कळवलं.

१७ मेला वादळ समुद्रातून, मुंबईच्या पश्चिमेने गेलं आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. केंद्र समुद्रात असल्यामुळे मरीनाला वारा आग्नेयेकडून सुरू होऊन दक्षिण आणि मग नैर्ऋत्येला वळला, म्हणजे निसर्गाच्या अगदी उलट. दोर या वेळी सर्व दिशांनी लावलेले होते. मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले ते दुपारी, आणि त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी, म्हणजे भरतीही दुपारी पावणेचारच्या आसपास. वारा आणि भरती या वेळी एकत्र आले. पण पंचमीची भरती भांगाकडे, म्हणजे सर्वांत लहान भरतीकडे, उतरलेली असते, तिची उंची त्रयोदशीच्या भरतीइतकी नसते. कड्या खांबांच्या जुन्या उंचीतच राहिल्या.

नुकसान झालं ते अनपेक्षित ठिकाणी. खाडीचं तोंड पश्चिमेला उघडं, त्यातून लांब, जड लाटा आत शिरल्या. जेट्टीच्या टोकाच्या दोन तुकड्यांमधली बिजागरीची पिन दुपारी तुटली आणि टोकाचा तुकडा एका खांबावर आपटत राहिला. निसर्गात वारा जमिनीकडचा असल्याने लाट आलीच नव्हती, त्यामुळे बिजागऱ्यांवरचा ताण कधी कुणाच्या डोळ्यांसमोर आला नव्हता. बोट एकही गेली नाही. टोकाचा तुकडा बदलावा लागला.

बैठकीत प्रश्न आलाच: खांब वाढवले त्याचा काय उपयोग झाला? त्या वादळात काहीच नाही, असं व्यवस्थापकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. दुसऱ्या टप्प्याचा खर्च तरीही मंजूर झाला, फार थोड्या मतांनी.

वेगळं काय करता आलं असतं

बिजागऱ्यांचा मुद्दा २०२० मध्येच दिसायला हवा होता. पाहणी करताना जे मोडलं तेच तपासलं गेलं. जे मोडलं नाही ते कोणत्या दिशेच्या वाऱ्याला मोडेल हे कुणी विचारलं नाही. आता पाहणीच्या तक्त्यात प्रत्येक भागासमोर दोन रकाने आहेत: जमिनीकडचा वारा आणि समुद्राकडचा वारा. तक्ता साधा आहे आणि दुसऱ्या कुठल्याही खाडीतल्या जेट्टीला तसाच्या तसा वापरता येईल.

बुडालेल्या बोटीची बॅटरी दोनशे रुपयांच्या मीटरने आदल्या महिन्यात तपासता आली असती. टाळेबंदीत जेट्टीवर माणूस होता, त्याला फक्त तसं सांगितलेलं नव्हतं. मालकाची जबाबदारी कुठं संपते आणि मरीनाची कुठं सुरू होते, यावर बोलताना बॅटरीसारख्या गोष्टी मध्येच पडतात. हल्ली बॅटरी, पंप आणि पाणी साठलं की पंप सुरू करणारा फ्लोट या तीन गोष्टी मरीना महिन्याला तपासते आणि त्याचे पैसे भाड्यातच धरते. बहुतेक मालकांना हे आवडलं.

वाऱ्याची दिशा कशी वळेल हे सगळ्या खलाशांना आधी समजावणं ही सर्वांत स्वस्त सुधारणा ठरली. मेमध्ये तांडेल आणि व्यवस्थापक मिळून एक संध्याकाळ घालवतात. वाळूवर काठीने किनारा आणि खाडी काढायची, एक शिंपली वादळाचं केंद्र म्हणून ठेवायची आणि ती उत्तरेला, दक्षिणेला, समुद्रात सरकवत प्रत्येक वेळी कोणते दोर आधी लावायचे ते पोरांनी सांगायचं.

फोन न लागणाऱ्या मालकांचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. करारात अधिकार आहे, पण बोट नीट चालवायला तिची किल्ली, बॅटरीचा स्विच कुठं, इंजिन थंड असताना कसं सुरू होतं, हे माहीत असावं लागतं. दोन मालक अजूनही किल्ली ठेवायला तयार नाहीत.

आणि तारखेचा वाद चालूच आहे. मे म्हणजे शाळांच्या सुट्या, हौशी बोटिंगचा सर्वांत चांगला महिना. १५ मेची अट काही मालकांना नकोशी आहे, दोघांनी तर बोटी दुसरीकडे हलवल्या. दुसरीकडे तांडेलांचं म्हणणं आहे की पावसाळ्यानंतरचा काळही आता विसरून चालणार नाही. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन्ही वादळं ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात एकामागोमाग आली होती, ऐन बोटी पाण्यात उतरवण्याच्या दिवसांत. बोटी १ ऑक्टोबरला उतरवायच्या की दिवाळीनंतर, यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे. व्यवस्थापक दिवाळीनंतरच्या बाजूने आहेत, हिशेबनीस ऑक्टोबरच्या, आणि क्रेनवाल्याने दोन्ही तारखांसाठी वेगवेगळे दर कळवले आहेत.